"अर्धीच दिली होती, मॅडम"

दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न हमखास विचारते: "घरी काही औषध दिलंय का?" उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येतं. मग मी जनावर तपासते, ताप बघते, हिरड्या बघते, पोट चाचपते आणि तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा टाकते. तेव्हा सोबत आलेल्या दोघांपैकी एक जण दुसऱ्याकडे बघतो आणि ठरलेलं वाक्य येतं. "तसं काही नाही मॅडम, अर्धीच दिली होती."

या अर्ध्या गोळीमागचा हिशेब मला पाठ झालाय. मोठ्या माणसाला एक, लहान मुलाला अर्धी, म्हणजे मांजराला पाव पुरे. आपण तर अर्धी दिली, थोडी जास्त झाली असेल फार तर. मांजर म्हणजे आकाराने लहान माणूस, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. हा तर्क अगदीच वेडगळ नाही. वजनावर औषध मोजायचं असतं हे सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. पण वजन हा हिशेबातला शेवटचा आकडा आहे. त्याच्या आधी विचारायचं ते हे, की या प्राण्याचं शरीर त्या औषधाचं करतं काय.

पॅरासिटामॉलपासूनच सुरू करते, कारण अर्धी गोळी बहुतेक वेळा त्याचीच असते.

आठवतो तो एक करडा बोका, चारेक किलोचा. पायावर कुठूनतरी उडी चुकली होती, लंगडत होता. घरच्यांनी रात्री गोळी दिली आणि सकाळी तो माझ्या टेबलावर होता. लंगडणं कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. तोंड सुजून गालांच्या गाद्या झालेल्या, पुढचे पंजे फुगलेले, श्वास उथळ आणि भराभर, अंग गार. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या तपकिरी. फिकट नाही, निळसर नाही, तपकिरी. एकदा हा रंग पाहिला की विसरता येत नाही. मी पायातून रक्ताचा एक थेंब घेतला आणि पांढऱ्या टिपकागदावर टाकला. शेजारी दवाखान्यातल्याच एका धडधाकट मांजराचा थेंब टाकला. धडधाकट मांजराचा थेंब हवा लागताच लालभडक झाला. बोक्याचा थेंब तपकिरीच राहिला. मालकांना मी काही समजावण्याआधी त्यांनी तो कागद पाहिला आणि मग म्हणाले, "अर्धीच..."

500 मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी म्हणजे 250. चार किलोच्या बोक्याला दर किलोमागे साठहून जास्त मिलिग्रॅम. मांजरांत किलोला 10 मिलिग्रॅमवरही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे इथे "थोडी जास्त" वगैरे काही नव्हतंच. पावही जास्त होती, आणि पावाची अर्धीही.

असं का होतं? आपल्या यकृतात पॅरासिटामॉलचा मोठा भाग ग्लुक्युरोनिक ॲसिडला जोडला जातो आणि लघवीवाटे निघून जातो. हे जोडकाम करणाऱ्या विकरांपैकी या औषधासाठी जे सगळ्यात महत्त्वाचं, त्याचं जनुक मांजरांत मोडलेलं आहे. जनुक जागेवर आहे, पण त्यातून काही तयार होत नाही. घरच्या मनीपासून वाघ-सिंहांपर्यंत सगळ्या मार्जारकुळाची हीच गत. पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ मांस खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींमधली विषं पचवायची फारशी गरज पडली नाही आणि ते जनुक मोडलं तरी बिघडलं नाही, असा त्याचा एक अर्थ लावतात. बिघडलं ते आपण गोळी दिली तेव्हा. नेहमीची वाट बंद असल्याने औषध दुसऱ्या वाटेने जातं आणि त्यातून जे विषारी पदार्थ तयार होतात ते मांजरात आधी रक्तावर हल्ला करतात. मांजराचं हिमोग्लोबिन यात विशेष नाजूक: गंधकाचे जे गट अशा हल्ल्यात सापडतात ते आपल्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत 2, कुत्र्यात 4 आणि मांजरात 8 असतात. हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, आणि मांजर भर हवेत बसून गुदमरतं.

यावर औषध आहे: एन-ॲसिटिलसिस्टीन. पहिला डोस किलोला 140 मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी 70. बाटली उघडली की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. त्या दिवशी दवाखानाभर तोच वास होता. बोक्याला ऑक्सिजन लावला, दुसऱ्या मांजराचं रक्त दिलं, सलाइन चालू ठेवलं. तो वाचला. सगळे वाचत नाहीत, आणि जे दगावतात त्यांच्या घरच्यांना "अर्धीच दिली होती" हे वाक्य पुढे कितीतरी दिवस झोपू देत नाही, हेही मी पाहिलेलं आहे.

याच कमतरतेचा दुसरा नमुना म्हणजे ॲस्पिरिन. ते मांजरांना चक्क देतात, हृदयाच्या काही आजारांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पण दोन-तीन दिवसांतून एकदा! कुत्र्याच्या रक्तातलं ॲस्पिरिन निम्म्यावर यायला साधारण आठेक तास लागतात, मांजरात दीड दिवस. रोज दिलं तर आधीचं संपलेलंच नसतं आणि त्यावर नवं चढत जातं.

आता वजनाच्या हिशेबाबद्दल. विज्ञानाच्या नावाखाली निव्वळ गुणाकार केला की काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आम्हा लोकांत कायम सांगितलं जातं. 1962 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयात टस्को नावाच्या हत्तीला एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं अमली औषध टोचलं गेलं. नर हत्ती मस्तीत येतात तेव्हा जे बेभान वागतात तसं औषधाने घडवून आणता येतं का, हे बघायचं होतं. मांजरांना किलोमागे जेवढं झेपतं तेवढं धरून हत्तीच्या वजनाने गुणलं आणि आकडा आला 297 मिलिग्रॅम. टस्को पाचेक मिनिटांत कोसळला, त्याला झटके आले आणि पावणेदोन तासांच्या आत तो मेला. मध्ये त्याला वाचवायला म्हणून जी औषधं दिली त्यांचा वाटा किती होता यावर नंतर बराच वाद झाला, पण मूळ गुणाकाराचं समर्थन आज कुणी करत नाही. खरं तर 1932 मध्येच माक्स क्लायबर यांनी दाखवून दिलं होतं की शरीराचा ऊर्जाखर्च वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही. हत्तीचं एक किलो शरीर उंदराच्या एक किलो शरीरापेक्षा कितीतरी संथ चालतं, औषधही संथ संपवतं. त्यात मांजराचं माप हत्तीला लावायचं म्हणजे कळसच झाला.

हे सगळं ऐकून लोक म्हणतात, "म्हणजे जनावरांना कमीच द्यायचं, असंच ना?" तसंही नाही. थायरॉइड कमी झालेल्या कुत्र्याचं उदाहरण घ्या. माणसाला लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, पूर्ण डोसमध्ये लागतं ते दिवसाला 100 मायक्रोग्रॅमच्या आसपास, सकाळी एकदा. कुत्र्याला सुरुवातीलाच किलोमागे 20 मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. 30 किलोच्या लॅब्रॅडॉरला म्हणजे 600 सकाळी आणि 600 संध्याकाळी. माझी चिठ्ठी घेऊन गेलेल्यांना औषधाच्या दुकानातून हमखास परत पाठवतात, नाहीतर मला फोन येतो, "डॉक्टर, एक शून्य जास्त पडलंय बहुतेक." नाही पडलेलं. आपल्या शरीरात हे संप्रेरक निम्मं व्हायला आठवडाभर लागतो, कुत्र्यात बारा ते सोळा तास. शिवाय त्याच्या आतड्यातून ते शोषलंही कमी जातं. मी दुकानदारांवर कधी चिडत नाही. शंका आल्यावर फोन करणारा माणूस मला हवाच आहे.

बरं, एकाच जातीच्या प्राण्यांत तरी औषध सारखं वागतं का? कुत्र्यांपुरतं सांगायचं तर आयव्हरमेक्टिन. जंतांवरचं, किड्यांवरचं हे नावाजलेलं औषध. त्याच्या शोधासाठी 2015 चं नोबेल मिळालं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन पहारेकऱ्यासारखं उभं असतं आणि आयव्हरमेक्टिन आत शिरायला लागलं की त्याला बाहेर ढकलतं. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या नात्यातल्या बऱ्याच कुत्र्यांत या प्रथिनाच्या जनुकातली चार अक्षरं गळालेली आहेत. हा दोष 2001 मध्ये सापडला. अशा कुत्र्यांत औषध थेट मेंदूत जातं: आधी झोकांड्या, मग बुबुळं मोठी, मग दिसेनासं होणं, कधी दिवसचे दिवस बेशुद्धी. हृदयातल्या जंतांना रोखण्यासाठी किलोला 6 मायक्रोग्रॅम एवढा जो बारीक डोस देतात तो यांनाही चालतो. गोंधळ होतो तो गाईगुरांच्या इंजेक्शनची बाटली कुत्र्यासाठी वापरली की.

त्या बाटलीचं गणित एकदा कागदावर करून बघा. द्रावण 1 टक्क्याचं, म्हणजे मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याचा तो बारीक डोस झाला 60 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.006 मिलिलिटर. इन्सुलिनच्या बारीक सिरिंजवरची एक रेघही सहसा 0.01 मिलिलिटरची असते. म्हणजे सुईच्या टोकाला जेवढं चिकटून राहतं त्यातच डोस संपला. "अंदाजाने जरासं" म्हणून एखाद्याने अर्धा मिलिलिटर ओढलं तर तो ऐंशीपटीहून जास्त देतोय, आणि त्याला वाटतंय आपण हात आखडता घेतला.

मांजरांकडे परत एक मिनिट. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब मिळतात, त्यांतल्या काहींत पर्मेथ्रिन असतं. ते मांजराला लावायचं नाही. मोठ्या कुत्र्याची नळी अर्धी करून तर नाहीच नाही. कुत्र्याला लावलं असेल तर ते वाळेपर्यंत मांजराला त्याला चाटू देऊ नका, त्याच्या कुशीत झोपू देऊ नका. लावलं गेलंच आणि मांजराचे कान, पाठ थरथरायला लागली तर भांडी घासायच्या पातळ साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि निघा. गरम पाणी नको, त्याने कातडीतून जास्त शोषलं जातं. गारही नको, अंग गार पडलं की थरथर आणखी वाढते.

मी सुरुवातीची काही वर्षं मोठ्या जनावरांत काढली आणि तिथे हा धडा दुसऱ्या बाजूने मिळाला. घोडा आणि गाय शेजारी उभे केले तर वजनात फार फरक नाही. पण झायलाझिन नावाचं गुंगीचं औषध घोड्याला जेवढं लागतं त्याच्या साधारण एक दशांशात गाय आडवी होते. त्यात याच्या बाटल्या दोन ताकदींच्या येतात: मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम आणि मिलिलिटरला 100. घोड्यांची बाटली आणि गाईंची बाटली एका पेटीत शेजारी ठेवायची नाही, हे आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. आडवी झालेली गाय नुसती झोपत नाही. पोट फुगतं, पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, गाभण असेल तर तिचं वेगळंच.

उलट मोनेन्सिन घ्या. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात मिसळायचं हे औषध कोंबडीला किलोमागे 200 मिलिग्रॅमच्या आसपास गेल्यावर मारक ठरतं, घोड्याला 2 ते 3 वरच. घोड्याच्या हृदयाचा स्नायूच मरतो. त्यातून वाचलेला घोडा वरून ठणठणीत दिसतो आणि एक दिवस स्वार पाठीवर असताना कोसळू शकतो. आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं वर काढण्याचा प्रश्नच येत नाही. घोड्याने चुकून गुरांचं खाद्य खाल्लं असं कुणी सांगितलं की मी "किती?" हे नंतर विचारते, आधी "त्याला अजिबात पळवू नका" एवढं सांगते.

ससे आणि गिनीपिग पाळणाऱ्यांसाठी एवढंच: घरात उरलेलं अँटिबायोटिकचं सिरप तोंडावाटे देऊ नका. ॲमॉक्सिसिलिनसारखं लहान मुलांना सर्रास दिलं जाणारं औषध सशाच्या आतड्यातले कामाचे जीवाणू मारून टाकतं, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाचे विषारी जीवाणू माजतात, आणि जखमेसाठी औषध दिलेला ससा जुलाबाने जातो. अँटिबायोटिक त्यांनाही मिळतं, पण वेगळं.

पेशंटला औषध सोसलं आणि तरीही त्याने दुसऱ्याच कुणाचा जीव घेतला, असंही घडलंय. 1990 च्या दशकात आपल्याकडची गिधाडं झपाट्याने नाहीशी व्हायला लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर 99 टक्क्यांहून जास्त संपली. रोग असेल, कीटकनाशक असेल, असे बरेच अंदाज झाले. 2004 मध्ये कारण समोर आलं: डायक्लोफेनॅक. ताप-सुजेसाठी गुरांना दिलेलं साधं वेदनाशामक. ते दिल्यावर लवकरच मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडत आणि युरिक ॲसिडचा पांढरा थर आतल्या अवयवांवर साचे. गाईला ते औषध सोसतं. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली. मग लोक माणसांसाठीची मोठी बाटली आणून गुरांना टोचू लागले, म्हणून 2015 पासून माणसांसाठीचं इंजेक्शनही एका डोसपुरत्या 3 मिलिलिटरच्या कुपीतच विकायचं ठरलं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं हे तोवर सिद्ध झालं होतं. गुरांनाही ते उत्तम चालतं. मग ते आधीपासूनच का नाही वापरलं? डायक्लोफेनॅक हाताशी होतं, म्हणून. घरात अर्धी गोळी निघते तीही याच कारणाने.

म्हणून मी रागवत नाही. रात्री दोनला कुत्रं कण्हत असतं, दवाखाना बंद असतो, आणि आपल्याला दुखलं तेव्हा ज्या डब्याने आराम दिला तो डबा समोर असतो. हात जाणारच. माझी तक्रार हात गेल्याबद्दल नाही, लपवण्याबद्दल आहे. तुम्ही "नाही दिलं" म्हणालात तर मी तपकिरी हिरड्यांची दुसरी कारणं शोधत बसते. इबुप्रोफेनसारखं माणसांचं वेदनाशामक दिलेल्या कुत्र्याला, ते माहीत नसताना मी वर आणखी एखादं सूज उतरवणारं इंजेक्शन दिलं तर जठराला भोक पडायला तेवढं पुरतं.

तेव्हा फोन करा. फोनवर मला तीन गोष्टी हव्यात: काय दिलं, किती वाजता, जनावराचं वजन किती. उलटी करवायला मिठाचं पाणी पाजू नका. रक्तातलं सोडियम वाढून त्यानेच झटके येतात. मांजराला तर घरी उलटी करवायची नाहीच, कशानेही. "दुखण्यावर माणसांचंच गॅबापेंटिन लिहून देता की तुम्ही," असं एक जण मला ऐकवून गेले होते. देते. गोळी किंवा कॅप्सूल देते. त्याच औषधाच्या पातळ द्रावणात गोडीसाठी झायलिटॉल असू शकतं, आणि कुत्र्यात त्याने अर्ध्या तासात इन्सुलिन उसळून साखर कोसळते. एकच औषध, एकच कंपनी, फक्त बाटली वेगळी.

आणि येताना गोळ्यांची पट्टी आणा. संपलेली असली तरी आणा. नाव, ताकद आणि किती कप्पे फुटलेत, हे तिच्यावर दिसतं.